बिनधुराची शेगडी

ज्यांच्या घरात बाळंतीण आहे किंवा येणार आहे, त्यांनी हे आधी वाचावं. बाकीच्यांनी सवडीनं वाचलं तरी चालेल. मला लिहायला वेळ लागतो. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या हातानं मनगट धरून लिहावं लागतं, आणि पान उलटलं की मागं काय लिहिलं ते परत वाचावं लागतं. एखादी गोष्ट दोनदा आली तर समजून घ्या.

मी पूर्वी अशी नव्हते. बारावीपर्यंत शिकले, शिवणकाम शिकले. माझ्या हातचा ब्लाउज अंगात बसला की बाई दुसरीकडं जायची नाही. जीभही कात्रीसारखी चालायची, असं आई म्हणायची. आता कात्री धरता येत नाही. जीभ अडखळते, धार तेवढी अजून आहे.

हे वाचून कुणाला धीर येईल असं मला वाटत नाही. आजारातून उठून धीर देणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांना मी हात जोडते. मला फक्त तुमच्या घरातली एक शेगडी बाहेर काढायची आहे.

नवी खोली

माझं माहेर लासुर्ण्याचं. आजोबांच्या काळात घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन माणसं कोकणाकडं उतरायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. वडिलांनी मेंढरं विकून पाटाच्या पाण्यावर ऊस लावला, आणि लवकर गेले. मेंढरं गेली तरी घोंगड्या राहिल्या. थंडी असो, ताप असो, पाहुणा असो, आईकडं सगळ्यांवर एकच उपाय, घोंगडी.

माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी भावानं, बापूनं, जुन्या पत्र्याच्या घराला लागून स्लॅबची खोली बांधली. बापू कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. बहिणीचं बाळंतपण गळक्या पत्र्याखाली नको, म्हणून त्यानं हौसेनं ती खोली उभी केली. लोखंडी चौकट, काचेची खिडकी, घट्ट बसणारं दार. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आई खिडकीच्या कडेनं हात फिरवून बघायची आणि म्हणायची, आता वारं शिरंल कुठून.

आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. सकाळी अंगाला तेल चोळून, कढत पाण्यानं आंघोळ घालून बाजेवर निजवायचं, वरून गोधड्या घालायच्या आणि खालून शेक द्यायचा. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायचा. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, कारण ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर ते जन्मभर अंगात राहतं. हे मी ऐकत आले आणि खरंच मानत आले. शेक बरा वाटायचा, खोटं कशाला बोलू. कंबर मोकळी व्हायची.

पूर्वी ह्या शेगडीत गोवऱ्या असायच्या. गोवरीचा धूर होतो, डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, आणि कुणीतरी वैतागून दार उघडतं. शिवाय जुन्या घराला पत्र्याखालून, कुडातून शंभर फटी. आमच्या आज्या-पणज्या त्या धुरानं आणि त्या फटींनी वाचल्या, हे मला आता कळतं.

बापूला भाचीच्या डोळ्यांची काळजी. एवढ्याशा जिवाला धूर नको म्हणून त्यानं कोळसा आणायचं ठरवलं. आमच्या भागात वेड्या बाभळी तोडून कोळशाच्या भट्ट्या लावतात. तिथून त्यानं चांगला टणक, खणखणीत कोळसा निवडून पोतंभर आणला. पेटला की लालभडक व्हायचा आणि धूर म्हणाल तर बिडीएवढाही नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, बघा, माझ्या लेकानं बिनधुराची शेगडी केली.

डोकं

मुलगी बारामतीच्या दवाखान्यात झाली. बाळंतपण सुखरूप झालं. घरी आल्यावर तीन-चार दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, कानशिलं ठोकल्यासारखं. मळमळायचं, पायांत जीव नसायचा. आंघोळीला किंवा परसाकडं बाहेर गेले की बरं वाटायचं, परत खोलीत येऊन शेकायला पडले की पुन्हा सुरू.

मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, बाहेर जातीस म्हणूनच वारं शिरतंय. तिनं माझी आंघोळ खोलीतल्याच मोरीवर सुरू केली. दाराला आतून घोंगडी लावली. खिडकीच्या कडेला थोडी फट राहिली होती, तिच्यात बापूनं पोत्याचे तुकडे कोंबले. डोकं जास्त दुखलं की शेक जास्त. दोन-चार दिवसांनी आईचंही डोकं दुखायला लागलं. ती म्हणाली जागरणानं होतंय.

माझे गाल शेकानं लालबुंद झाले होते. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, पोरीवर काय तेज आलंय, माहेरचं मानवलं. मी उलटी करून तोंड पुसत असायचे आणि त्या माझं तेज बघत असायच्या.

ही आमची चूक. कुणी अडाणी होतं म्हणून झाली नाही आणि कुणाचं प्रेम कमी होतं म्हणूनही नाही. दुखण्याचं जे कारण होतं, तेच आम्ही औषध म्हणून वाढवत गेलो.

ती सकाळ

मुलीला थोडी कावीळ होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोज सकाळचं कोवळं ऊन दाखवा. त्या दिवशी वहिनी, बापूची बायको, तिला घेऊन अंगणात बसली होती. त्या काविळीला मी अजून नमस्कार करते.

थंडी फार होती. आईनं शेगडी नेहमीपेक्षा जास्त भरली, वाऱ्यानं दार हलू नये म्हणून आतून कडी घातली, आणि माझ्या बाजेशी जमिनीवर बसली. मला तिचा हात आठवतो, ओवा टाकणारा. ती काहीतरी सांगत होती, गव्हाच्या शेवया करायच्या असं काहीतरी. पुढचं मला आठवत नाही.

पुढचं वहिनीकडून कळलेलं. मुलगी भुकेनं रडायला लागली तेव्हा वहिनी दाराशी आली. हाक मारली, उत्तर नाही. बाळंतीण झोपली असेल, झोपू दे, म्हणून ती परत उन्हात जाऊन बसली. मुलगी थांबेना तेव्हा पुन्हा आली, दार वाजवलं, मग बापूला हाका मारल्या. बापूनं ट्रॅक्टरची टॉमी, लोखंडी कांब, घालून खिडकीची काच फोडली. माझी बाज खिडकीखाली होती, पहिलं वारं मला लागलं. आई दाराजवळ पडली होती. तिला उठून कडी काढायची असावी. हात कडीपर्यंत पोचला नव्हता.

गावात जीप मिळाली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. त्यातले बरेच ड्रायव्हर बापूच्या ओळखीचे, तो जीपच्या पायरीवर उभा राहून त्यांना ओरडत होता. बारामतीत पोचलो तेव्हा आई गेलेली होती.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं, मला बाळंतझटके आले. मग आई कशानं गेली? बाहेर जमलेल्या पाहुण्यांत करणीची कुजबुज सुरू झाली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि बापूला विचारलं, घरात काय जळत होतं? बापू म्हणाला, काही नाही. त्यांनी विचारलं, शेगडी?

“शेगडी व्हती. पर धूर न्हवता, बाई. धूर हू नये म्हणून तर कोळसा आणला मी.”

बाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि समजावलं. कोंडलेल्या जागेत कोळसा जळतो तेव्हा एक वायू होतो. कार्बन मोनॉक्साइड त्याचं नाव. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. श्वासातून रक्तात जातो आणि तिथं प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला झोप आल्यासारखं होतं. धुराचा त्रास होतो म्हणून माणूस उठून पळतो, ह्याचा त्रास होत नाही म्हणून पळत नाही. थंड मुलुखात, जिथं घरं अशी बंद ठेवतात, तिथं म्हणे भिंतीवर एक डबी लावतात. हा वायू वाढला की ती डबी किंचाळते.

बापूनं तेवढी एकच गोष्ट धरून ठेवली. आईचं दहावं-बारावं झालं आणि तो पुण्याला गेला, विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. कुणाला ती डबी माहीत नव्हती. एका दुकानदारानं त्याला दाराची बेल दाखवली, चिमणीसारखी वाजणारी. ती तो घेऊन आला. नव्या खोलीच्या दाराला लावली. त्या खोलीत आता कुणी जात नाही. बेल चांगली वाजते.

मधले बरे दिवस

मला ऑक्सिजन लावला होता. शुद्ध आली, माणसं ओळखली, भूक लागली. आईचं मला दवाखान्यातच सांगितलं. मी रडले, सगळे म्हणाले रड, मोकळी हो. मुलीच्या रक्ताला, जिवाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, तू वाचलीस.

लासुर्ण्याला परत जायला माझं मन होईना आणि बापूला मला तोंड दाखवायला होईना. म्हणून मला सरळ सासरी, कऱ्हाटीला आणलं. आमचे हे, माझे मालक, बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर कामाला. रोज मोटारसायकलवर जायचे-यायचे. घरात सासूबाई, थोरले दीर आणि त्यांची बायको. मोठ्या जावेला मी अक्का म्हणते. तिचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. दवाखान्यात माझं दूध आटलं होतं, म्हणून अक्कानं माझ्या मुलीलाही पदराखाली घेतलं. दोन्हीकडं दोन पोरं घेऊन ती हसायची, म्हणायची मी गाईपेक्षा वरचढ झाले.

ते दोन-तीन आठवडे मी बरी होते. मुलीला न्हाऊ घालायचे, झबली शिवायचे. तिला कुशीत घेतलं की वाटायचं, आई गेली पण आईनं हिला ठेवलं. आता हेच एक मला हवं होतं, दुसरं काही नको. हे दिवस मला नीट आठवतात, आणि आठवतात म्हणून जास्त त्रास होतो.

दुसऱ्यांदा

एक दिवस मी भाजीत मीठ घातलं, आणि परत घातलं, आणि परत. मग साडीच्या निऱ्या जमेनात. कोपऱ्यात पदराचं टोक धरून उभी राहिले, पुढं काय करायचं ते सुचेना. पावलं फरशीला चिकटल्यासारखी झाली. अंथरूण ओलं व्हायला लागलं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी मुलीचं दुपटं त्यावर टाकलं, तिच्या नावावर खपवलं. तेवढी अक्कल तेव्हा शिल्लक होती.

मग एका सकाळी चुलीपुढं बसले असताना मुलगी माझ्या मांडीवरून घसरली. मला दिसत होती घसरताना. हात पुढं करायचा हे कळत होतं. हात गेला नाही. अक्कानं झेप घेऊन तिला उचललं आणि तशीच छातीशी धरून बाहेर गेली. माझ्याकडं तिनं रागानं बघितलं नाही, घाबरून बघितलं. राग परवडला असता.

सासूबाई म्हणाल्या बाळंतवात, कुणी म्हणालं आईचा जीव अडकलाय हिच्यात. ह्यांनी मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि सांगितलं की हा वायू कधी कधी असा वागतो. माणूस बरं होतं, घरी जातं, आणि काही आठवड्यांनी मेंदूला झालेली इजा वर येते. औषध काय, असं ह्यांनी विचारलं. वाट बघणं, ते म्हणाले. काही जण वर्षभरात बरेचसे सुधारतात. काही जण नाही. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणजे काय ते मला शाळेत लिहून दाखवता यायचं, आता कळलं.

वॉर्ड

वॉर्डातलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पहाटे फिनेल, मग चहा, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागं शिकणारी पोरं. रोज तेच प्रश्न. आज वार कोणता? कुठल्या गावच्या? शंभरातून सात गेले, उरले किती? शेजारच्या खाटेवर इंदापूरची एक म्हातारी होती, बांगडीवाल्यांच्या घरातली, लकवा झालेली. तिला माझी दया यायची. डॉक्टर आले की ती हळूच मला वार सांगायची. तिला स्वतःलाच वार माहीत नसायचा, त्यामुळं आम्ही दोघी मिळून चुकायचो. माझ्या केसांत तेल घालताना ती चांगल्या हाताची बोटं फिरवायची आणि म्हणायची, “बेटा, तुजं डोस्कं काय वाईट न्हाय, नुसतं झोपलंय.” त्या दवाखान्यात मला कुणी इतकं चांगलं बोललं नाही.

एकदा डॉक्टरांनी विचारलं, मुलीचं नाव काय? बारसं मी आजारी असतानाच उरकलं होतं. मला पाळण्यापुढं बसवलं होतं म्हणे, मी तिथं होते. नाव आठवेना. मी “ताई” असं म्हणून वेळ मारून नेली. माझ्या मुलीचं नाव कोमल आहे. आता मी दर सकाळी उठल्यावर ते एकदा म्हणून बघते.

सगळ्यात वाईट एक गोष्ट झाली, ती मला नंतर ह्यांनी सांगितली. मी रोज विचारायचे, आई अजून कशी आली नाही? हे सांगायचे, आई गेली. मला ते नव्यानं कळायचं. मी ऊर बडवून रडायचे, वॉर्ड गोळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, पुन्हा कळायचं, पुन्हा रडायचे. शेवटी ह्यांनी सांगायचं सोडलं. म्हणायचे, लासुर्ण्याला हाय, येईल. मग मी म्हणायचे, येताना घोंगडी आणा म्हणावं, इथं गार लागतं.

घरातली माणसं

परत आणल्यावर वर्षभर मी खाटेवर होते म्हणा. ब्लाउजचे हूक हे लावायचे. कामावरून आल्यावर, कपड्यांना दुधाचा आंबूस वास तसाच, आधी माझी वेणी घालायचे, वाकडी. ते बोलायला कधीच फार नव्हते, त्यात आणखी कमी झाले. सासूबाई मला ऐकू जात नाही असं समजून माझ्यासमोरच दुसऱ्या लग्नाचं बोलायच्या. ह्यांनी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मी त्याबद्दल रागावत नाही असं लिहिणार होते, पण रागावते.

बापू दर बाजाराच्या दिवशी यायचा. दारातच बसायचा, माझ्याकडं बघायचा नाही. एकदा मी बरी असताना त्याला म्हटलं, तू वाईट मनानं केलं का? तो म्हणाला, “चांगल्या मनानं केलं तेच खातंय गं, सुमे.” मग उठून गेला. त्यानं ट्रॅक्टर सोडला. दिवसभर घरी बसून असतो, असं वहिनी सांगते.

हळूहळू मी चालायला लागले, वार कळायला लागले, अंथरूण कोरडं राहायला लागलं. हात तसाच राहिला आणि मधूनच विसरायला होतं, ते राहिलं. माझ्या डोक्यात एकच होतं, कोमल. ती तेव्हा दुडुदुडू चालत होती. अक्काच्या मुलामागं, सोन्यामागं पळायची, अक्काला आई म्हणायची, आणि सोन्याचं ऐकून मला काकी.

मी कोमलला अक्काकडं मागितली.

“तुझीच हाय की गं. मी काय ठेवून घेणार हाय व्हय? ने. रडली तर मला हाक मार.”

तिनं कोमलचं अंथरूण माझ्या खोलीत आणून टाकलं. पहिले काही दिवस पोर फार रडली. मग एकदा माझा थरथरणारा हात तिनं दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तो थांबतो का बघत बसली. थांबला नाही. तिला ते गमतीचं वाटलं, खदखदून हसली. मी इतकी आनंदले की मला भीती वाटली.

नंतर एके दुपारी मी तिला आंघोळ घालायला हौदाकडं नेलं आणि टॉवेल आणायला घरात आले. घरात आल्यावर कशाला आले ते आठवेना. दांडीवरचे कपडे दिसले, ते घड्या घालत बसले. निवांतपणे, एकेक घडी. बाहेर अक्काची किंकाळी ऐकली तेव्हा मला वाटलं, हिला काय झालं आता. कोमल हौदाच्या काठावर पोटावर झुकलेली होती, पाण्यात हात घालून. काही झालं नाही. अक्का वेळेवर आली.

कुणी मला बोललं नाही. तिन्हीसांजेला कोमलचं अंथरूण अक्काच्या खोलीत गेलेलं होतं. ते कुणी नेलं हे मी विचारलं नाही. मीच नेलं असतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते म्हणता येत नाही. मला ती हवी होती.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

थोडक्यात सांगते, मग राहिलेलं लिहिते. एका खोलीत असणाऱ्या दोघा-तिघांचं डोकं दुखतंय आणि बाहेर मोकळ्यावर आलं की थांबतंय, असं झालं तर औषध शोधू नका, आत काय जळतंय ते शोधा. शेगडी असो, न्हाणीत कोंडलेला बंब असो. धूर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आधी माणसं बाहेर काढा, मग दवाखाना. आपल्याकडं ती किंचाळणारी डबी मिळत नाही. मिळायला लागली तर दागिना मोडून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवा. थंडीनं बाळंतीण मरत नाही. माझी आई उबेनं मेली.

अक्काचं बाळंतपण

यंदा अक्काला दुसरा मुलगा झाला. माहेरी तिचं आता कुणी नाही, म्हणून बाळंतपण इथंच, कऱ्हाटीला. दवाखान्यातून ती घरी यायच्या आधीच सासूबाईंनी आतली खोली तयार केली होती. खिडकीला चादर ठोकली होती. बाजेखाली शेगडी. शेगडीत कोळसा.

मी शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. सासूबाईंनी आत आणली. मी परत नेली. त्या म्हणाल्या, दुधानं तोंड पोळलं म्हणून हिनं सगळ्यांना ताक फुंकायला लावलंय. मी बोलत सुटले, सगळं सांगितलं, वायूचं, रक्ताचं, आईच्या हाताचं. बोलताना माझं तोंड वाकडं होतं, शब्द मागं-पुढं होतात. शेजारच्या बायका गोळा झाल्या. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, मी काय सांगते ते कुणी ऐकत नव्हतं, मी कशी सांगते ते बघत होत्या.

“आमच्या चार पिढ्या ह्याच शेकावर उठल्या,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या आईची येळ भरली व्हती. तुझं डोकं ठिकाणावर न्हाय, तू ह्यात पडू नगंस.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. डॉक्टरांचं सगळं ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. हे म्हणाले, अक्काचं आमची आई बघेल, तू त्रास करून घेऊ नकोस. आणि मोटारसायकल काढून कामावर गेले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ह्यांचंही जळालं होतं, तरी असं.

अक्काला मी एकटी गाठून विचारलं. तिनं माझा हात धरला. “मला कळतंय गं समदं. पर आत्याबाईंच्या म्होरं मी काय बोलू? त्याच करत्यात, त्याच उठवणार. तू मधी बोलशील तर मलाच बोलणी बसत्याल.” मी म्हटलं, कोमलला तरी माझ्याकडं निजव. तिनं मान हलवली. म्हणाली, ती माझ्याबिगर निजत न्हाय, तुला ठाव हाय.

म्हणजे माझी मुलगीही त्या खोलीत आहे. सकाळी शेक सुरू होतो तेव्हा अक्काच्या कुशीत, नव्या बाळाशेजारी, गोधडीत झोपलेली असते.

म्हणून मी उंबऱ्यावर बसते. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, अवदसा येते. मी बसले की दार लागत नाही, एवढं मला पुरतं. सासूबाईंनी रागावून बघितलं, ओढून बघितलं, शेवटी वेडीच्या नादी कोण लागतं म्हणून सोडून दिलं. मी विसरू नये म्हणून पदराला गाठ मारून ठेवते. गाठ दिसली की आठवतं, शेगडी विझेपर्यंत उठायचं नाही.

काल थंडी फार होती. वारं सरळ आत जात होतं, अक्कानं बाळाचं टोपरं ओढून घेतलं. कोमल जागी झाली. गोधडीतून नुसतं तोंड काढून माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ. मला वाटलं ही आता उठून माझ्याकडं येईल. मी पदर पसरला, तिला घ्यायला जागा केली.

तिनं अक्काची बाही ओढली.

“आई, काकीला दार लावाय सांग की. लई गार लागतंय.”

अक्कानं तोंड फिरवलं. मी पाठ दाराला टेकवली आणि तशीच बसून राहिले.